कणी

पाच वर्षं दर आषाढात मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली पंधरा-वीस कुटुंबं घेऊन कामशेतजवळच्या एका गावी भातलावणीला जात असे. सकाळची लोणावळा लोकल, खाचरात गुडघाभर चिखल, मुलांच्या हातात रोपांची मूठ, दुपारी पिठलं-भाकरी आणि अंधार पडायच्या आत घरी. आपल्या ताटातला घास कुठून येतो हे पोरांना कळावं, अशी मनापासून तळमळ होती. त्या एका दिवसात ते कळतं, असं मी ठामपणे मानत होते. आता तसं मानत नाही.

ज्यांच्या खाचरात आम्ही उतरायचो, त्यांच्याकडूनच काही घरं वर्षाचा इंद्रायणी तांदूळ भरायची. इंद्रायणी ही मावळचीच लेक. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती १९८७ मध्ये आली. हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. एका वर्षी डिसेंबरात पोती आली आणि तक्रारी सुरू झाल्या: तांदळात तुकडा फार आहे. दोन घरांनी पोती परत केली. मीही फोन लावला. "वहिनी, या वेळी कणी फारच आहे हो. असा माल नका पाठवत जाऊ." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "बरं ताई."

ते 'बरं' मनातून जाईना. पुढच्या रविवारी मी एकटीच गेले.

वहिनी पडवीत सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. काही न बोलता त्यांनी मूठभर भात माझ्या तळहातावर ठेवलं, एका दाण्याचं तूस नखानं सोललं आणि दाणा उजेडात धरला. त्यावर केसाएवढी आडवी चीर होती. "कापणीला आलं आणि परतीचा पाऊस लागला. उभं भात लोळलं. भिजलं, वाळलं, परत भिजलं. असा दाणा गिरणीत टिकत नाही, ताई." चांगल्या वर्षी शंभर किलो भात भरडलं तर साठ-पासष्ट किलो तांदूळ हाती येतो. त्या वर्षी त्यातलाही बराचसा कणी झाला होता.

निघताना मी म्हटलं, "पुढच्या लावणीला येतोच आम्ही." तेव्हा त्यांची सून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही गेल्यावर तेवढं खाचर आम्ही सांजच्याला परत लावतो." मुलं रोप अंगठ्यानं खोल दाबतात. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. पाच वर्षं आमच्या आनंदाचं काम त्या घरावर दुप्पट पडत होतं आणि पाहुण्यांना कसं सांगायचं म्हणून कुणी बोललं नव्हतं.

परतीच्या लोकलमध्ये मला फार अपराधी वाटलं. आषाढातला चिखल आम्ही वाटून घेतला होता, आश्विनातला पाऊस मात्र त्यांच्या एकट्याच्या अंगावर टाकला होता. वर दाण्याला पडलेल्या चिरेबद्दल मी त्यांनाच बोल लावला होता.

शेतावरच्या सहलींना मी नावं ठेवत नाही. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन रुजवलं, २०२० मध्ये राज्य सरकारनं त्याचं धोरण केलं आणि त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण नातं जोडायचं तर एक दिवस पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या बायकांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. तिथे त्याला 'तेईकेई' म्हणतात. पीक कसंही येवो, ते घ्यायचं आणि त्याची किंमत द्यायची.

आम्हीही तेच धरलं. ज्येष्ठात बी-खताची गरज असते तेव्हा अर्धे पैसे आगाऊ द्यायचे. कणी जास्त आली तरी भाव तोच. लावणीला मुलं एका कोपऱ्यातच उतरतात आणि दोन-तीन काड्या वरच्यावर कशा लावायच्या ते आधी सुनेकडून शिकतात. झोडणीलाही यायचंच. परत आलेली ती दोन पोती मीच ठेवून घेतली. कण्यांचा मऊ भात आणि ताक आता आमच्या घरी हक्काचं जेवण आहे.

हे ऐकून बरीच घरं गळाली. सातच उरली. पण दिवाळीच्या तोंडावर पुण्यात ढग दाटून आले की त्या सात घरांतून मला फोन येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: वहिनींचं भात कापून झालं का?