मागच्या पडवीची खिडकी

घोलवड स्टेशनावरून रिक्षा निघाली की थोड्याच वेळात उन्हाचा रंग बदलतो. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, आणि रस्ता बारा महिने सावलीत. त्यातल्याच एका वाडीत माझं आवडतं हॉटेल आहे. हॉटेल म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. एरवी ते एका इराण्याचं घर. नाव सांगत नाही. गर्दी झाली तर मलाच खोली मिळायची नाही.

उंच जोतं, मंगलोरी कौलं, पुढे ऐसपैस पडवी. पडवीत वेताची आरामखुर्ची. तिचे हात इतके लांब, की त्यांवर पाय टाकून माणूस दुपार काढतो. उंबऱ्याशी चुन्याची ठिपक्यांची नक्षी. गवती चहा आणि पुदिना घातलेला चहा येतो, मागोमाग मालकीणबाई येतात. वय ऐंशीच्या पुढे. ‘साखर बरोबर हाय ना, दीकरा?’ साखर नेहमीच जास्त असते आणि मी नेहमीच मान डोलावतो.

इथली इराणी घराणी मूळची इराणातल्या यज्दकडची. तिथल्या गरिबीला आणि जाचाला कंटाळून निघालेली. मुंबईत थांबलेल्या इराण्यांनी हॉटेलं काढली. डहाणूकडे आलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी चिकू लावले. आता इथल्या घरांनाही हॉटेलच्या पाट्या लागल्यात, म्हणजे हिशेब फिरून तिथेच आला म्हणायचा. चिकू तरी कुठला इथला? तो मेक्सिकोकडचा. पण 2016मध्ये त्याला ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तो कागदोपत्रीही गाववाला झाला.

वाड्या टिकल्या म्हणून घरं टिकली. 20 जून 1991च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, उद्योगांना 500 एकरांची मर्यादा घातली. औष्णिक वीजकेंद्र आलंच, ते निराळं. पण डहाणूच्या पर्यावरणासाठी लढणाऱ्या नर्गिस इराणींसारखी माणसं कोर्टापर्यंत गेली नसती, तर या पडवीतून काय दिसलं असतं याचा विचार चहा पिताना नको वाटतो.

पाहुणे सगळे पुढच्या पडवीत. मी एकदा पाणी मागायला मागे गेलो. तिथे भिंतीत एक बुटकी खिडकी आहे, गजांची. खाली सागाची फळी. फळीची कड मधोमध झिजून खोलगट झालेली, जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत. मी तिच्यावरून बोट फिरवत होतो. वाडीत काम करणारा वारली माणूस चिकूची पाटी उतरवत म्हणाला, ‘हितून मजुरी द्यायचे. माझा आजा हितंच उभा राहायचा.’ एवढं बोलून तो चिकूवरची भुरी पोत्यानं पुसायला बसला.

या भागातली जमीन वारल्यांच्या हातून कशी गेली, सावकारी आणि वेठबिगारीनं काय केलं, हे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलंय. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात 23 मे 1945 रोजी हजारो वारली जमले आणि वेठीला जायचं नाही असं ठरवून उठले. त्या दिवसानंतर अशा किती खिडक्यांपुढचं उभं राहणं बदललं असेल.

याच हॉटेलच्या दिवाणखान्यात मोठं वारली चित्र आहे. मधोमध तारपेवाला, भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढतात. चित्र सुरेख आहे, तक्रार नाही. पण मला विचाराल तर या घरातली सगळ्यात जुनी आणि खरी वस्तू ती फळी आहे, आणि ती कुणी दाखवत नाही. मालकीणबाईंना मी विचारलं, तर त्या हसल्या. ‘मारा ससराजी तां बेसता,’ एवढंच म्हणाल्या. सासरे तिथे बसायचे.

खिडकीमागच्या खोलीत आता पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरी आणि उशा असतात. कधी गेलात, तर पाणी मागायला मागच्या दारानं जा.