तिजोरीची दुसरी किल्ली

आमच्या सणसवाडीत हल्ली माणसाची प्रतिष्ठा त्याच्या दारातल्या मोटारीवरून ठरते. पुणे-नगर रस्त्याच्या कडेने कारखाने आले, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि जिथे बैलजोडी बांधली जाई तिथे आज मोटार उभी असते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! माझ्यापाशी विकायला जमीन नाही. आणि अलंकारशास्त्र कोणी विकत घेत नाही. तरी शेजाऱ्यांच्या बरोबरीने मीही हप्त्यांवर मोटार घेतली.

दोन हप्ते थकले. सौभाग्यवतीला सांगायची छाती होईना; कारण मोटार नको, असे तीच म्हणाली होती. नेमके तेव्हाच विद्यार्थ्यांच्या सहलीचे पैसे माझ्या कपाटात होते. त्यांतले चौदा हजार मी काढले. चोरले नाहीत हं! ‘आठ दिवसांपुरते उसने घेतले’, असे मनाशी म्हणालो. जन्मभर शब्दांशी खेळलेला मी; सोयीचा शब्द सापडायला कितीसा वेळ लागणार?

आठाचे पंधरा दिवस झाले. तो फेब्रुवारी २०२५ चा महिना. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची बातमी आली. १२२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून बँकेच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली. दारापुढे ठेवीदारांची रांग लागली. त्या आरोपाचे खरेखोटे न्यायालय ठरवील. मी मात्र चहा पिता पिता ‘काय ही माणसे!’ असे उद्गारलो, आणि घोट घशातच अडकला.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ साली एक ग्रंथ लिहिला. त्याचे सांगणे असे की, तीन गोष्टी जुळाव्या लागतात : कोणापाशी बोलता न येणारी अडचण, हाताशी आलेली संधी, आणि मनाची समजूत घालणारे गोंडस कारण. माझ्यापाशी तिन्ही होत्या! कपाटात कोटी नव्हते, एवढेच.

त्या रात्री मी सारे सांगून टाकले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अहो, एवढं सांगायला पंधरा दिवस लागले?” आणि उठून तिने भिशीचे पैसे मोजून दिले. पुढे उन्हाळ्यात मोटार विकली.

बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात; एकट्याला ती उघडत नाही. नाजूक जागेवरच्या माणसाने वर्षातून एकदा सलग रजेवर जावे, असाही दंडक आहे. कधीच रजा न घेणारा सेवक आपल्याला आदर्श वाटतो. पण आपल्यामागे दुसऱ्याने वही उघडू नये, म्हणूनही एखादा खुर्ची सोडत नसेल! बँकेने एवढे ओळखले. मनाच्या तिजोरीला मात्र आपण एकच किल्ली ठेवतो, आणि तिलाच स्वाभिमान म्हणतो.

विद्यार्थ्यांची सहल ठरल्याप्रमाणे झाली. ती मुले मला अजून वाकून नमस्कार करतात, आणि माझीच मान खाली जाते. हा अंक त्यांच्याही हाती पडेल. पडू द्या!