अकरातले सात

२०२२ च्या जून महिन्यात आमच्या हायस्कूलच्या आवारात एक टेम्पो येऊन उभा राहिला. ताडपत्रीखाली अकरा संगणक होते. शहरातल्या एका संस्थेने नवे घेतले आणि जुने ‘शाळेच्या उपयोगी पडतील’ म्हणून आमच्याकडे धाडले. देणगी आणि अडगळ यांच्यामधली सीमारेषा फार पुसट असते. आणि सीमारेषांविषयी आम्हां खानापूरकरांना कोणी नव्याने सांगावे असे काही उरलेले नाही. शिपाईमामांनी एकाचे झाकण उघडले, आतली धूळ पाहिली आणि निकाल दिला, “सर, हे भंगारात घाला. वजनावर तरी चार पैसे येतील.”

यंत्रे मोडलेली नव्हती. त्यांच्यावर विंडोज ७ होते आणि १४ जानेवारी २०२० पासून कंपनीने त्याची देखभाल थांबवली होती. नवी आवृत्ती घालावी तर ती दोन जीबी रॅममध्ये गुदमरणार. म्हणजे यंत्र म्हातारे झाले नव्हते, त्याला सेवानिवृत्त केले होते. निवृत्तीला थोडकीच वर्षे उरलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक चटकन कळतो.

तोडगा सुचवला तो पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने. गणपतीला गावी आला तेव्हा त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यात लिनक्स मिंट होते, एक्सएफसीई नावाच्या हलक्या पेहरावातले. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. त्याला पैसे पडत नाहीत, आणि एकच प्रत अकरा यंत्रांवर घातली म्हणून कोणी चोर म्हणत नाही. नीतीचे धडे देणाऱ्या शाळांतून चोरीचे विंडोज चालावे, ही गोष्ट मला नेहमीच खुपत आली आहे.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून पाहता येतो. पडदा, आवाज, माऊस, सारे तपासावे. पटले तर घालावे, नाही तर पेनड्राइव्ह काढून खिशात टाकावा. बाजारात बैल चालवून बघतात, तसेच. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, एवढे आधी पाहावे. ३२ बिटच्या यंत्रांना आता बहुतेक नव्या लिनक्स आवृत्त्यांनी वगळले आहे.

खरी कुस्ती पुढे होती. सहा यंत्रे नुसती ‘टूं टूं’ करीत आणि पडदा काळा. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडांवर मळ धरला होता. त्यावर उपाय मुलांच्या कंपासपेटीतच निघाला. विज्ञानाच्या सरांनी खोडरबराने त्या कडा हलक्या हाताने पुसल्या आणि सहांतली दोन बोलू लागली. उरलेल्या चारांच्या पट्ट्या काढून इतरांत बसवल्या. अकरातले सात उभे राहिले, त्यांतले चार तर दुप्पट रॅमचे.

सुरू झालेले एक यंत्र इंटरनेटवर मात्र जाईना. प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’. सर वायरी तपासून दमले. शेवटी आठवीतल्या एका पोराने कोपऱ्यातल्या तारखेकडे बोट दाखवले. यंत्राच्या मते ते २००९ साल होते! संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि २००९ सालात बसलेल्या संगणकाच्या हिशेबी आजचे प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. वीज नसताना घड्याळ चालवणारी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपली होती. ती बदलली. वायफाय नव्हते, तिथे मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून भागवले. जुना प्रिंटर मात्र वायर लावताच चालू लागला, याचे मला अजून नवल वाटते.

मग प्रश्न आला अक्षरांचा. शाळा समितीतले एक सदस्य म्हणाले, “कळफलकावर मराठी अक्षरं चिकटवून घ्या.” दुसरे म्हणाले, “उद्या कोणी तपासणीला आलं आणि कन्नड कुठं आहे म्हणून विचारलं, तर?” दोन सभा यातच गेल्या. तिसऱ्या सभेपूर्वी मुलांनी तो निकालात काढला. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट नावाची एक मांडणी आहे. तीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ही जागा साऱ्या लिप्यांत एकच. ‘के’ च्या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क. शिफ्ट दाबून ‘एन’ मारले की दोन्हीकडे ळ. मुलांनी सेटिंगमध्ये दोन्ही मांडण्या घातल्या. ‘अक्का’ मराठीत उमटवले, लिपी बदलली, शेवटचा काना तेवढा गाळला, आणि पडद्यावर कन्नडमधली अक्का. “सर, बंतु!” एक पोर ओरडले. आले! चिकटवायच्या अक्षरांचा खर्च समितीने आनंदाने रद्द केला.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. तिच्या आजीचे विधवा पेन्शन नावातल्या फरकामुळे अडले होते. पूर्वीचा अर्ज बाजारात कोणाकडून तरी कन्नडमध्ये लिहून घेतलेला. आजी चौथी शिकलेली, पण मराठीत, त्यामुळे न वाचताच सही केलेली. मुलीने नवा अर्ज कन्नडमध्ये टाइप केला, आमच्या कन्नडच्या बाईंनी तपासला. मग शेजारी तोच मजकूर मराठीत उतरवला. दोन्ही प्रती छापल्या. आजींनी चष्मा लावून मराठी प्रत ओळीवर बोट ठेवून वाचली आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

“आमच्या मालकांचं नाव रामाप्पा न्हवं गं, रामा. नुस्तं रामा.”

मुलीने जुन्या अर्जावरूनच ते उतरवले होते. तिने दोन्ही लिप्यांत नाव दुरुस्त केले, प्रिंटर पुन्हा खडखडला. आजींनी नवी मराठी प्रत परत एकदा पहिल्यापासून वाचली, आणि मग कन्नडवर सही केली.