सलाईन नंतर, आधी ओआरएस

मंडळी, पाऊस सुरू झाला की आम्हा आशांच्या फोनला उसंत नसते. "ताई, बाळाला सकाळपासून सात-आठ जुलाब झालेत, सलाईन लावायला नेऊ का?" घरोघरी तेच सांगते, आज सगळ्यांसाठी लिहिते. पोस्ट लांब आहे, पण घरात लहान लेकरू असेल तर पूर्ण वाचा.

जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पहिलं काम जुलाब थांबवण्याचं नाही, गेलेलं पाणी भरून काढण्याचं. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी बाळाला कधीच देऊ नका.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी तयार केलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आपल्या पुडीचं मूळ हे आहे. फुकट मिळते म्हणून तिला हलकी समजू नका.

करायचं काय? अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. अर्धी पुडी पेल्यात, असं नको. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेका. सोबत झिंकची गोळी १४ दिवस; जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी कोर्स पूर्ण करा. आणि आज्यांनो, "पोटाला आराम" म्हणून सुनेला अंगावरचं दूध बंद करायला सांगू नका. दूध आणि खाणं दोन्ही चालू ठेवा.

मूल मलूल पडलं, काही पीत नाही, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शौचात रक्त दिसलं किंवा सगळंच उलटून पडतंय, तर वाट न बघता दवाखाना गाठा. तिथे सलाईन लागेल तर लागेल.

दुकानातल्या गोड पेयांबद्दलही सांगते. मागच्या वर्षी एका आईला दुकानदाराने पुडीऐवजी फळाच्या चवीचा खोका दिला. जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला मनाई केली. तरी घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, ते वाचून घ्या.

आता मूळ दुखणं. मी पुड्या वाटत राहायच्या आणि नळाची पाईप गटारातून जात राहायची, हे किती वर्षं चालणार? येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: टाकीत टीसीएल रोज पडते का? पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? गळकी पाईप कधी बदलणार? रस्त्याच्या विषयाला गर्दी होते, पाण्याच्या विषयाला आम्ही चार बायका असतो. या वेळी लेकरांच्या बापांनीही यावं.

पुड्या आणि झिंक माझ्याकडे आहेत, अंगणवाडीतही मिळतील. रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी चालेल.