घरची पेटी आणि कंपनीची तिजोरी

कोणाचा पैसा कोणत्या पेटींत ठेवावा, हा प्रश्न एकत्र कुटुंबास नवा नाहीं. आमच्या गिरगांवांतल्या बिऱ्हाडीं मात्र गेल्या वर्षीं त्यास निराळें रूप आलें. परळच्या जुन्या गिरणीच्या आवारांत उभ्या राहिलेल्या एका कचेरींतली नोकरी सोडून आमच्या अभियंता पुतण्यानें कंत्राटीं कामें घेण्यासाठीं एकाच भागधारकाची कंपनी काढली. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ही सोय झाली आहे. भागधारकाच्या पश्चात् कोण, हें तेथें आरंभींच नोंदवावें लागतें. त्यानें आमचें नांव घातलें. आम्हांस धन्यता वाटली, आणि काळजीही लागली.

लंडनच्या त्याच्या मित्रानें सल्ला दिला कीं पगार थोडा घ्यावा, उरलेलें लाभांश म्हणून काढावें. तिकडे लाभांशावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी पडत नाहीं, म्हणून तें पुष्कळदां परवडतें. इकडे गणित उलटें आहे. कंपनी लाभांश देते तो नफ्यावर कर भरून. आणि १ एप्रिल २०२० पासून तोच लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नांतही धरला जातो. पगार हा कंपनीचा खर्च होय. त्यावर कर एकदांच.

आम्ही दोघांनीं गॅलरींत बसून आंकडे मांडले. इतर खर्च वजा जातां १८ लाख रुपये उरले असें धरलें. २०२५-२६ सालच्या नव्या कररचनेप्रमाणें ते सारे पगार म्हणून घेतल्यास, ७५,००० रुपयांची प्रमाण वजावट जाऊन, उपकरासह १,५०,८०० रुपये कर होतो. सारे लाभांश म्हणून काढल्यास, २२ टक्क्यांची योजना पत्करलेल्या कंपनीस अधिभार व उपकर धरून ४,५३,०२४ रुपये, आणि शिवाय त्याला स्वतःला सुमारें ८५,००० रुपये! पगार १२,७५,००० रुपये घेतला तर सूट मिळून त्यावर कर शून्य. उरलेल्या ५,२५,००० रुपयांवर कंपनी १,३२,१३२ रुपये भरील. मात्र ती शिल्लक पुढें लाभांश म्हणून घरीं आणली कीं पुन्हां कर आलाच.

एक गोष्ट उशिरां कळली. स्वतःच्या नांवें काम करणाऱ्या अभियंत्यास, वर्षाची प्राप्ति ५० लाखांच्या आंत असल्यास, तिचा निम्मा भागच उत्पन्न म्हणून दाखवितां येत होता. कंपनीस ती सवलत नाहीं. तेव्हां करासाठींच कंपनी काढूं पाहणाऱ्यानें हा हिशेब आधीं करावा.

श्रावणांत थोरल्या वहिनींची शस्त्रक्रिया ठरली. पुतण्या म्हणाला, "काका, कंपनीच्या खात्यांत चार लाख आहेत. आईसाठीं उचल घेतों, दिवाळीनंतर भरीन. पैसे माझेच ना?"

आम्हीही 'होय' म्हणणार होतों. आईचें दुखणें समोर असतां कायदा कोण पाहतो? परंतु हिशेबनिसांस विचारलें तें बरें झालें. ते म्हणाले, "अशी उचल साठलेल्या नफ्यापुरती लाभांशच समजली जाते. मागाहून परत केली तरी कर सुटत नाहीं." त्यांनीं त्या महिन्याच्या पगारांतच रीतसर वाढ करून, मुळांत कर कापून रक्कम घ्यावयास सांगितलें. उरलेली तूट आमची एक ठेव मोडून भागविली.

वहिनी आतां हिंडूं-फिरूं लागल्या आहेत. पुतण्या दरमहा पगार घेतो, त्यांतून घरखर्चाचा वांटा आईच्या हातीं देतो, आणि आमची ठेवही हप्त्यानें फेडतो. आम्ही नको म्हणून पाहिलें. तो ऐकत नाहीं.

एका चुलीवर वाढलेल्या आम्हां माणसांस 'माझें-तुझें' करणें संकोचाचें वाटतें. पण कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनें निराळी व्यक्ति होय; इंग्लंडांत सालोमन खटल्यानें १८९६ सालींच हें ठरविलें. ती आपण जन्मास घातली तरी तिच्या पेटींत विचारल्यावांचून हात घालूं नये. परक्याच्या पैशाविषयीं जी मर्यादा आपण पाळतों, तीच येथेंही पाळावी.