फरशी पुसण्याचा भाव

साफसफाईचं काम देण्यासाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, स्क्वेअर फुटाला किती घेता?" धाराशिवातली बँकेची शाखा असो, खासगी दवाखाना असो की तुळजापूरचा लॉज, विचारतात हेच. मी म्हणते, आधी येऊन बघते, मग सांगते. समोरच्याला वाटतं, बाई भाव वाढवायला येतेय. मी येते ती तास मोजायला. त्या जागेला किती हात लागतील आणि ते किती वेळ लागतील, यावर माझा धंदा चालतो. स्क्वेअर फुटाचा दर हा त्यातून शेवटी काढलेला भागाकार.

जागेवर गेले की आधी पायाखाली बघते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत शहाबादी फरशी असते. हा चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड सांडलं की तो फसफसतो आणि तेवढा पट्टा कायमचा खरबरीत होतो. तिथं साधा साबण, ब्रश आणि मनगटातला जोर लागतो, म्हणजे वेळ लागतो. गुळगुळीत टाइल असेल तर काम लवकर उरकतं, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट ॲसिडनं झिजतंच. पहिल्याच दिवशी ॲसिड मारून संडास पांढराशुभ्र करून दाखवणारा ठेकेदार गिऱ्हाइकाला आवडतो. पुढं सांधे उघडे पडतात, घाण त्यात मुरते, आणि मग कितीही फिनेल ओता, वास हटत नाही. त्यात कुणी ॲसिडवर ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जिवावर बेततो. म्हणून माझ्याकडे नवीन बाई आली की बाटल्यांची ओळख आधी, झाडू नंतर.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळ कुठल्या मजल्यावर आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो का, घाण पाणी कुठं ओतायचं, हे विचारल्याशिवाय मी भाव सांगत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात 'रोज फरशी धुऊन द्या' ही अट कागदावर शोभते. आम्ही दोन बादल्या वापरतो, एक साबणाची, एक मॉप खळबळायची. पाणी कमी लागतं, पण मॉप सारखा पिळावा लागतो. वाचलेल्या पाण्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

तिसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी बँकेत येणाऱ्या प्रत्येक चपलेबरोबर काळी माती येते. ती ओली असताना पुसली तर सगळीकडे पसरते, वाळली तर खरवडावी लागते. मे महिन्यात तीच फरशी नुसत्या धुळीची असते. बारा महिन्यांचा एकच दर ठरवताना हा चढउतार मी धरते, आणि तो कोटेशनमध्ये लिहूनही देते.

तुळजापूरचं गणित याहून वेगळं. शारदीय नवरात्रात आणि नंतर अश्विन पौर्णिमेला तिथल्या खोल्या रिकाम्या झाल्या झाल्या भरतात. चादरींवर हळद, भिंतींवर कुंकवाची बोटं, कोपऱ्यात तेल. हळदीच्या डागाला सोडा किंवा कपड्याचा साबण लावला की तो लाल होतो, आणि लॉजमालक घाबरून विचारतो, "हे काय केलं?" काही केलेलं नसतं. हळद अल्कलीला लागली की रंग बदलते. चादर नीट खळबळून उन्हात टाकली की डाग फिका पडतो. पण त्याला ऊन लागतं, वेळ लागतो, आणि पुढचं कुटुंब सामान घेऊन दारात उभं असतं. म्हणून या दिवसांचा भाव मी खोलीमागं आणि फेरीमागं लावते, महिन्याच्या दरात गुंडाळत नाही.

आता पैशाचं. समजा एका बाईचा रोज ५०० रुपये धरला. हा आकडा फक्त हिशेब समजावा म्हणून. सरकारचा किमान वेतनाचा दर वेळोवेळी बदलतो, तो त्या वेळी बघून घ्यावा. २६ दिवसांचे झाले १३,००० रुपये. त्यावर भविष्य निधीचा मालकाचा वाटा खर्चासह १३ टक्के, ईएसआयसीचे ३.२५ टक्के, किमान बोनस ८.३३ टक्के. रक्कम १६,००० च्या पुढं गेली. जागा महिनाभर रोज उघडी असेल तर बाईच्या चार सुट्ट्यांना बदली लागते, तिचे २,००० वेगळे. म्हणजे १८,००० झाले, आणि अजून फिनेलची बाटली उघडलेली नाही. त्यापुढं साहित्य, मशिनची झीज, देखरेख, माझा नफा, आणि नोंदणी असेल तर १८ टक्के जीएसटी.

मग कुणी 'माणूस १२,००० ला देतो' म्हणाला, तर तो काही जादू करत नाही. बाईचा रोज कापला असेल, सुट्टी दिली नसेल, किंवा कागदावर चार माणसं दाखवून तिघांत काम उरकत असेल. भविष्य निधीला २० आणि ईएसआयसीला १० कामगारांची मर्यादा आहे. त्या मर्यादेखाली राहण्यासाठी एकच ठेका दोन नावांवर फोडणारेही आहेत. खुर्चीमागं गाडगेबाबांचा फोटो लावलेल्या केबिनमध्येसुद्धा घासाघीस सुरू झाली की गाडी बाईच्या रोजावरच येते. फिनेलच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, तिथं कुणी बोट ठेवत नाही.

काम देणाऱ्याला वाटतं, हे ठेकेदाराचं दुखणं, आपल्याला काय? पण ठेकेदारानं पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं मूळ मालकावर टाकली होती, आणि नव्या कामगार संहितांतही ती टिकली आहे. दवाखान्यात तर आणखी एक पदर आहे. कचऱ्याची पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा यांत घोळ करून चालत नाही, आणि २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. दवाखान्याचा दर ऑफिसएवढाच सांगणाऱ्यानं हातमोजे आणि लस धरलीच नाही, असं मी समजते.

आणि एक काम मी कुठल्याही भावात घेत नाही. सगळं ठरल्यावर, चहा पिता पिता कुणी म्हणतं, "ताई, तेवढं टाकीचंही बघा की." सेप्टिक टँक. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि असं उतरून मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. त्यासाठी सक्शनची गाडी बोलवावी. 'तेवढं' या शब्दात बसणारं ते काम नाही.

माझं कोटेशन त्यामुळं लांबलचक होतं. किती माणसं, किती तास, बदली कोण, कुठलं औषध कुठल्या फरशीला, रोजचं काय, आठवड्याचं काय, सगळं लिहिलेलं. काही जण ते बघून दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तीच बाई येते, आणि कुठल्या नळाला गळती आहे, कुठल्या कोपऱ्यात माती साचते, हे तिला सांगावं लागत नाही. तेव्हा कुणाचंही कोटेशन हातात आलं की खालच्या बेरजेवर बोट ठेवण्याआधी एवढंच विचारा, "कामाला येणाऱ्या बाईला यातले किती मिळणार?" उत्तर लगेच आणि आकड्यात आलं, तर बाकीच्या ओळींवर खुशाल घासाघीस करा.