सुकेल म्हणायची सोय नाही

कोकणात ‘सुकेल’ हा शब्द फार सहज तोंडात येतो. भिंतीला ओल आली? सुकेल. पुस्तकं भिजली? पंख्याखाली ठेव, सुकतील. वैशाखात हे खरंही असतं. पण घरात पाणी शिरतं ते आषाढात, आणि आषाढात हा शब्द कामाचा नाही.

२२ जुलै २०२१ला, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आजीचं घर त्यातच होतं. ती आणि काका-काकू शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेले म्हणून निभावलं. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा पाणी उतरून एक दिवस झाला होता. वीज नव्हती. काकांनी मेन स्विच आधीच पाडून ठेवला होता, आणि वायरमनने तपासल्याशिवाय तो चढवायचा नाही असं ठरलं होतं. गमबूट-हातमोजे घालून आम्ही चिखल उपसायला घेतला. लेप्टोची भीती होतीच.

भांडण झालं ते गादीवरून. आजीच्या लग्नातली कापसाची गादी. ‘‘ऊन पडलं की उसवू, कापूस पिंजून घेऊ,’’ आजी म्हणाली. एरवी हे अगदी बरोबर होतं, गादी अशीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण हे पाणी गटारातून फिरून आलेलं होतं, आणि ऊन कधी पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. ओल्या कापसावर, कागदावर, लाकडाच्या भुशावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. त्यातले निम्मे संपले होते.

मी आजीला एक हिशोब सांगितला. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या खोलीतली सगळी हवा मिळून आणखी जेमतेम ९० ग्रॅम पाणी घेऊ शकते. म्हणजे अर्धा पेला. मे महिन्यातल्या दुपारी, ३३ अंश आणि ६० टक्क्यांना, तीच खोली अर्धा लिटर घेते. गादीत तर बादलीभर पाणी होतं. खिडक्या उघडून फार फरक पडत नव्हता, कारण बाहेरून येणारी हवाही तितकीच ओली होती. गादी घरात राहिली असती तर तिचं पाणी तो अर्धा पेला आधी भरून टाकणार, आणि कपाटातली पत्रं, पुस्तकं ओलीच राहणार. वीज नसलेल्या घरात वाळवायचा एकच उपाय उरतो: ओलं सामान बाहेर काढणं.

हिशोब आजीला पटला की नाही, माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘पत्रं वाचणार असतील तर न्या.’’ संध्याकाळपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

पंचनाम्यासाठी मोबाइलवर फोटो काढले आणि मग गादी, उशा, फुगलेलं पार्टिकल बोर्डाचं कपाट रस्त्यावर गेलं. सागवानी कपाट राहिलं. ते धुऊन, भिंतीपासून हातभर पुढे ओढून सावलीत उभं केलं, कारण सागवानसुद्धा घाईने वाळवलं तर वाकतं. फोटो वाळवायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना उलटं वाटलं. पण एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळले की कायमचे चिकटतात. ते स्वच्छ गार पाण्यात ठेवले, हळूहळू सुटे केले आणि दोरीवर चिमट्यांनी लावले. आजोबांचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तो काचेसकट पाण्यात ठेवला. तासाभराने सुटला, एक कोपरा काचेवरच राहिला. पत्रं शाईची, धुण्यासारखी नव्हती. प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ती काकांच्या ओळखीच्या, पुराबाहेरच्या एका आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. गोठवल्याने कागद सुकत नाही, पण बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. पावसाळा सरल्यावर थोडी थोडी काढून, टीपकागदात ठेवून वाळवली. काही अक्षरं पसरली, बरीचशी वाचता येतात.

पूर न येताही हे घडतं. वॉशिंग मशीनची नळी निसटते, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटतो. पाणी स्वच्छ असेल तर गादीला थोडी आशा असते, पण वेळ तेवढाच असतो. आधी वीज बंद, मग पाण्याचा कॉक बंद. फोटो काढा, पाणी काढा, आणि पाणी शोषणारी प्रत्येक वस्तू त्या खोलीतून हलवा. वायरिंग कोरडं असल्याची खात्री झाल्यावर एसी किंवा डीह्युमिडिफायर लावलात तर खिडक्या बंद ठेवा, नाहीतर तो गावभरची हवा सुकवत बसेल. कपाटाच्या मागे हात घालून बघा, बुरशी तिथून सुरू होते.

आणि घरातल्या कुणाचा एखाद्या वस्तूत जीव अडकला असेल, तर तो विषय दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. दमट हवेत आपण न घेतलेला निर्णय बुरशी घेऊन टाकते, आणि ती गादी आणि पत्रं यांत फरक करत नाही.